बाद झालेल्या गड्याचं काय?

तर झालं असं, मंडळी... मागच्या दिवाळीत अकोल्याला घरी होतो. फराळ झाला, पाहुणे येऊन गेले आणि दुपारी कॉलेजच्या ग्रुपवर कुणाला तरी हुक्की आली, की काउंटर-स्ट्राइक परत सुरू करू या. तेच ते जुनं १.६, २००३ मधलं. इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर आम्ही चार वर्षं त्याच्यापायी सबमिशनं बुडवली होती. आता सगळे पुणे, बंगळूर, हैदराबादला पांगलेले. म्हटलं, दिवाळीच्या सुट्टीत तरी रोज रात्री दहा वाजता जमू.

सर्व्हर मी उभा केला. (ऑफिसमध्ये वर्षभर तेच करतो, सुट्टीतही तेच. नशीब!) पहिल्या रात्री अकरा जण आले. दुसऱ्या रात्री सात. तिसऱ्या रात्री चार.

का गळाले ते उघड होतं. दोघं-तिघं अजून नियमित खेळणारे होते, ते बाकीच्यांना अर्ध्या मिनिटात गार करायचे. आणि या खेळाचा नियम असा, की एकदा मेलात की राऊंड संपेपर्यंत परत यायचं नाही. दुसऱ्याच्या खांद्यावरून बघत बसायचं. कॉलेजात हे चालून जायचं, कारण शेजारी बसून शिव्या घालता यायच्या. आता घरी एकट्यानं बसून कोण बघणार? लोक मेले की सरळ झोपायला जायचे.

चौथ्या रात्री माझे मामाजी मागे येऊन उभे राहिले. मामाजी मूर्तिजापूरकडच्या एका गावच्या शाळेत पी.टी.चे सर होते, आता रिटायर झालेत. बी.पी.एड. अमरावतीला केलेलं, तरुणपणी कबड्डीचे पक्के पकडवाले.

"काय बे, हा तं मेला. आता काय करून राह्यला तू?"

"काही नाही मामाजी. राऊंड संपेपर्यंत बघत बसायचं."

"म्हंजे गामिनी!" मामाजी हसले. "मले वाटलं, कॉम्प्युटरवर तरी संजीवनी असन."

गामिनी? मला काही कळेना. मग त्या रात्री सर्व्हर बाजूला राहिला आणि मामाजींनी दीड तास माझी शिकवणी घेतली. त्यानंतर मी स्वतःही बरंच वाचलं. त्यातून जे हाती आलं ते आज लिहितोय.

तीन प्रकार

कबड्डी म्हणजे एक खेळ, एक नियमपुस्तक असं आपल्याला टीव्हीमुळे वाटतं. पण पूर्वी ती गावोगाव वेगळी होती. महाराष्ट्रात हुतुतू, तमिळनाडूत चेडुगुडु, बंगालकडे हाडुडु. गडी किती, मैदान केवढं, खेळ कधी संपला म्हणायचं, सगळं ज्या त्या गावाच्या मर्जीवर. पुढे अभ्यासकांनी या सगळ्याची तीन प्रकारांत मांडणी केली, आणि ती मांडणी करताना पाहिलेली गोष्ट एकच: बाद झालेल्या गड्याचं काय करायचं?

गामिनी: बाद झाला तो बाहेर. संघातला शेवटचा गडी बाद होईपर्यंत तो बाहेरच बसणार. पूर्ण संघ बाद झाला की समोरच्याला एक गुण, आणि पुन्हा सगळे आत. असे पाच किंवा सात गुण होईपर्यंत खेळ चालू. वेळेची मर्यादा नाही.

अमर: इथे कुणी बाहेर जातच नाही. शिवलं तर गुण, धरलं तर गुण, आणि गडी तिथेच उभा. पंजाबातल्या वर्तुळाकार मैदानावरच्या कबड्डीत हाच जीव आहे.

संजीवनी: बाद झाला तो बाहेर, पण आपल्या संघानं समोरचा एक गडी टिपला की आपला एक परत आत. तोही रांगेनं, म्हणजे जो आधी बाद झाला तो आधी जिवंत. (आम्हा मंडळींच्या भाषेत साधा क्यू.) सगळा संघ बाद झाला तर लोण, त्याचे वेगळे गुण. आणि खेळाला वेळेचं बंधन.

हे ऐकून मी खुर्चीतच उडालो. कारण जगभरचे गेम बनवणारे गेली तीस वर्षं ज्याच्यावर डोकं फोडताहेत तो हाच प्रश्न आहे. काउंटर-स्ट्राइक म्हणजे शुद्ध गामिनी. डेथमॅच म्हणजे अमर. आणि संजीवनी आमच्या सर्व्हरवर नव्हतीच.

अमरावती ते बर्लिन

आता या गोष्टीत अमरावती कुठे येते ते सांगतो. १९१४ साली वैद्य बंधूंनी, म्हणजे अंबादासपंत आणि अनंतराव यांनी, अमरावतीत तालीम सुरू केली. त्यातूनच श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभं राहिलं. अमरावतीकरांसाठी नुसतं 'एचव्हीपीएम' किंवा 'हनुमान व्यायामशाळा'. आमच्याकडचे निम्मे पी.टी.चे सर तिथूनच शिकून आलेले. मामाजीही त्यातलेच.

त्या काळात शहरांमध्ये शाळा-कॉलेजांत क्रिकेट, हॉकी, फुटबॉल. देशी खेळ म्हणजे गावाकडचे, पोरासोरांचे, अशी समजूत. वैद्य बंधूंचा आग्रह असा, की मल्लखांब, लाठी, कुस्ती, कबड्डी, खो-खो हे नुसते खेळायचे नाहीत, पद्धतशीर शिकवायचे. शिक्षक तयार करायचे. ते शिक्षक गावोगाव जातील आणि खेळ जगेल. आपल्या भाषेत सांगायचं तर त्यांनी आधी डॉक्युमेंटेशन आणि ट्रेनिंगवर भर दिला, जे कुठल्याच प्रोजेक्टमध्ये कुणाला करायचं नसतं!

आणि मग १९३६. बर्लिनचं ऑलिंपिक. त्या निमित्तानं अमरावतीचं पथक बोटीनं जर्मनीला गेलं आणि कबड्डीसह आपले देशी खेळ जगापुढे करून दाखवले. तेव्हाच्या मध्य प्रांत व वऱ्हाडातल्या एका गावातून, इंग्रजांचं राज्य असताना! आजही अमरावतीत हा विषय निघाला की माणसं ताठ होऊन बोलतात. त्यांचं बरोबरच आहे.

पण वाचता वाचता एक गोष्ट मला खटकत राहिली. बर्लिनच्या ऑलिंपिकमध्ये अधिकृत प्रात्यक्षिक खेळ दोन होते, बेसबॉल आणि ग्लायडिंग. कबड्डी त्या यादीत नव्हती. आपण म्हणतो 'कबड्डी ऑलिंपिकमध्ये गेली होती', ते तितकंसं खरं नाही. ती ऑलिंपिकच्या निमित्तानं बर्लिनला गेली होती. आणि तिथे जे झालं तो सामना नव्हता. दोन्ही बाजूंना आपलेच गडी, आपणच चढाई करायची, आपणच पकडायचं, आणि भोवती परके लोक टाळ्या वाजवणार.

त्याच ऑगस्टमध्ये, त्याच बर्लिनमध्ये दुसरा एक भारतीय संघ होता. ध्यानचंद यांचा हॉकी संघ. १५ ऑगस्टला त्यांनी अंतिम सामन्यात जर्मनीला ८-१ असं हरवलं. हॉकी आपली नव्हे, इंग्रजांनी आणलेली. पण तिला समोर जर्मनी होता. कबड्डी अस्सल आपली, आणि तिला समोर कुणीच नव्हतं.

हा फरक मला फार मोठा वाटतो. मल्लखांबाला बघे पुरतात, कारण तिथे माणूस आणि लाकूड यांचा मामला. कबड्डीचं तसं नाही. समोर हरवणारा नसेल तर ती नुसती कवायत. टाळ्या वाजवणारे हजार असले तरी त्यातून एक चढाई होत नाही.

नियम कोणते ठेवायचे?

समोर कुणी उभं राहायचं तर आधी दोघांचे नियम एक हवेत. त्या दिशेनं महाराष्ट्रात १९१८ च्या सुमारास प्रयत्न सुरू झाले. १९२३ मध्ये नियम छापून निघाले आणि त्याच वर्षी बडोद्याला स्पर्धा झाली. १९३८ मध्ये कलकत्त्याच्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांत कबड्डी आली, १९५० मध्ये अखिल भारतीय कबड्डी महासंघ स्थापन झाला. बुवा साळवींसारख्या माणसांनी पुढे आयुष्य त्यात घातलं. त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळतात.

आणि तीन प्रकारांतून अधिकृत खेळ म्हणून टिकला तो संजीवनीच्या वळणाचा. का, याचं उत्तर मला पुस्तकात मिळालं नाही. ते मिळालं कोड लिहिताना.

मामाजींच्या शिकवणीनंतर मी काउंटर-स्ट्राइकसाठी एक छोटं प्लगइन लिहिलं. आपल्या कुणी समोरचा मारला की आपल्या मेलेल्यांपैकी रांगेतला पहिला जिवंत. लिहायला एक दुपार लागली. त्या रात्री नऊ जण आले, आणि कुणीही मध्येच झोपायला गेलं नाही! मेलेला माणूस आता ओरडून ओरडून दुसऱ्याला सांगत होता, "मार लवकर, मला आत यायचंय!" बघ्याचा पुन्हा गडी झाला होता.

पण तासाभरात घोळ लक्षात आला. मेलेले परत परत येत असल्यामुळे पूर्ण संघ बाद होईचना. आणि वेळ संपली की या खेळात बचाव करणारा संघ जिंकतो. मग काय, बचाव करणारे कोपऱ्यात दडून बसायला लागले. दडून बसलं की विजय. कंटाळवाणा प्रकार!

म्हणजे नुसतं पुनर्जन्म देऊन भागत नाही. त्याच्याबरोबर वेळ लागते, वेळेबरोबर गुणांचा हिशेब लागतो, पूर्ण संघ बाद केल्याचं वेगळं बक्षीस लागतं, आणि वेळ काढणाऱ्यावर काहीतरी चाप लागतो. कबड्डीचं नियमपुस्तक पुन्हा वाचलं तेव्हा हसूच आलं. सगळं होतं तिथे. वीस-वीस मिनिटांचे दोन डाव, लोणाचे जादा दोन गुण, आणि बोनसच्या गुणानं मात्र गडी जिवंत होत नाही, हीसुद्धा बारीक काळजी.

गामिनीला वेळेचं बंधन नाही, म्हणजे एका दिवसात किती सामने होतील याचा नेम नाही. गावच्या जत्रेत चालेल, राष्ट्रीय स्पर्धेचं वेळापत्रक कसं लावणार? अमरमध्ये कुणी बाहेर जात नाही, म्हणजे सातावरून दोनावर आलेला संघ परत सातावर चढतो ही गंमतच नाही. संजीवनीत दोन्ही आहे: बाद होण्याची भीती आहे, आणि परत येण्याची आशाही. हे माझं मत आहे बरं का. मामाजींना विचारलं तर म्हणाले, "बरोबर असन, पन तुले हे कम्प्युटरवरून समजलं, याचंच मले हसू येते."

सात सुवर्णपदकं आणि एक अडचण

१९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये कबड्डी पुन्हा दाखवली गेली. दाखवलीच फक्त, पदकं नाहीत. बर्लिननंतर ४६ वर्षं झाली तरी आपण दाखवतच होतो! शेवटी १९९० मध्ये बीजिंगला ती स्पर्धा म्हणून आली. भारताला सुवर्ण, बांगलादेशाला रौप्य. तिथून २०१४ पर्यंत पुरुषांची सातच्या सात सुवर्णपदकं भारताची. महिलांची स्पर्धा २०१० मध्ये सुरू झाली, तिथेही २०१० आणि २०१४ दोन्ही आपलीच.

अभिमान वाटतो ना? मलाही वाटायचा. पण आमच्या सर्व्हरवर तेच दोघं-तिघं रोज जिंकायला लागल्यावर काय झालं ते मी बघितलंय. अकराचे चार झाले. कायम एकच संघ जिंकणारा खेळ हळूहळू त्या एका संघाचाच उरतो.

२०१४ च्या जुलैत प्रो कबड्डी लीग सुरू झाली तेव्हा बदल झाले. तीस सेकंदांच्या चढाईचं घड्याळ पडद्यावर आलं. ओळीनं दोन चढाया निष्फळ गेल्या की तिसरी 'करो या मरो', गुण मिळव नाहीतर बाद हो. (वेळ काढणाऱ्यांवरचा चाप तो हाच!) मैदानात तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असताना पकड केली तर अव्वल पकडीचा जादा गुण, म्हणजे हरत आलेल्यालाही हात मिळाला. गेमिंगच्या भाषेत हे सरळसरळ बॅलन्स पॅच आहेत.

पण माझ्या मते सर्वात मोठा बदल वेगळाच होता. या लीगमध्ये परदेशी खेळाडू आले. दक्षिण कोरियाचा जांग कुन ली बंगालकडून चढाया करायला लागला. इराणचा फजल अत्राचली २०१५ मध्ये यू मुंबाकडे आला, पुढे त्यांचा कर्णधार झाला, आणि २०२२ मध्ये तर आपल्या पुणेरी पलटणचा. आपल्या गड्यांबरोबर राहून, आपल्या गड्यांना पकडून ही मंडळी शिकली. आपण त्यांना शिकवलं.

जकार्ता, २०१८

२०१६ च्या अहमदाबादच्या विश्वचषकात कोरियानं पहिल्याच सामन्यात भारताला ३४-३२ असं हरवलं, तेव्हा लोक म्हणाले, अपघात. चषक शेवटी आपलाच झाला. पण दोन वर्षांनी जकार्ताच्या एशियाडमध्ये कोरियानं पुन्हा गटात हरवलं, आणि उपांत्य सामन्यात इराणनं २७-१८. सात सुवर्णपदकांची ओळ संपली. दुसऱ्या दिवशी महिलांचा अंतिम सामना. तिथेही इराण, २७-२४.

आणि त्या इराणी मुलींची प्रशिक्षक कोण? शैलजा जैन. आपल्या नाशिकच्या. वर्षानुवर्षं नाशिकमध्ये मुलींना कबड्डी शिकवलेल्या. त्यांनी इराणमध्ये जाऊन संघ घडवला आणि तो घेऊन भारताला हरवलं.

तेव्हा मी शेवटच्या वर्षाला होतो. हॉस्टेलच्या टीव्हीसमोर सुन्न बसलो होतो, आणि कुणीतरी प्रशिक्षकाचं नाव वाचून 'गद्दारी' हा शब्दही वापरला होता. मीही मान डोलावली होती. आज त्याची लाज वाटते. कारण १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी जे मांडलं, शिक्षक तयार करा, ते जातील तिथे खेळ जगेल, तेच तर या बाईंनी केलं. फक्त मूर्तिजापूरऐवजी त्या इराणला गेल्या. बर्लिनला जो समोरचा संघ नव्हता, तो जकार्तात ८२ वर्षांनी मिळाला. त्यानं आपल्याला हरवलं, यातच त्याचं खरेपण आलं.

आणि हरलो म्हणून खेळ संपला का? २०२३ मध्ये हांगझोउला दोन्ही सुवर्ण परत आणली. पुरुषांची इराणविरुद्ध ३३-२९, तीही एका चढाईच्या निर्णयावरून सामना बराच वेळ थांबून. महिलांची चिनी तैपेईविरुद्ध २६-२५, एका गुणानं! १९९० चं सुवर्ण आठवणारे कमी असतील, पण ही २६-२५ कुणी विसरणार नाही.

पण...

इथेच संपवलं असतं तर लेख छान गोड झाला असता. मामाजींना वाचून दाखवला. ते ऐकून घेतल्यावर जरा वेळ गप्पच होते.

"सगळं बरोबर लिहेल हाये," म्हणाले. "पन आमच्या गावात आता सात पोट्टे जमत नाईत बाप्पा. टीव्हीवर पायतेत सारे. पाटीलवाड्यामागं मैदान होतं, पानी मारून माती बसवाचो आमी. आता मॅट पायजे म्हनतेत. मॅट कोन देईन?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मीच वर लिहिलंय की टाळ्या वाजवणारे हजार असले तरी एक चढाई होत नाही. टीव्हीपुढे बसलेला पोरगा म्हणजे बर्लिनचा प्रेक्षकच की. इराणमध्ये समोरचा संघ तयार झाला आणि मूर्तिजापूरकडच्या गावातला मोडला, हे दोन्ही एकाच खेळाच्या बाबतीत, एकाच काळात झालं. खेळ जिवंत झाला म्हणताना कुठे जिवंत झाला, हेही विचारायला हवं. संजीवनीचा नियम मैदानातल्या गड्याला परत आणतो. मैदानच बाद झालं तर त्याला रांगेत कोण उभं करणार?

मामाजींनी मात्र दिवाळीनंतर आपलं एक काम सुरू केलंय. रविवारी सकाळी ते शाळेच्या मैदानावर जातात आणि जेवढे येतील तेवढ्यांना खेळवतात. कधी पाच येतात, कधी नऊ. मॅट नाही, चुन्याच्या रेषा आणि माती. पाच आले तर काय करता, असं विचारलं, तर म्हणाले, "अमर खेयवतो. कोनाले बाहेर बसवाचं नाई. पाचातला एक बसवला त उरले किती?"

बघा, एक जुना मोड कसा उपयोगी पडला!

आमच्या सर्व्हरचं म्हणाल तर चाललाय. आता दर शनिवारी रात्री. कॉलेजच्या ज्युनिअर पोरांनाही बोलावलं, आपलंच आपल्यात किती दिवस खेळणार? मागच्या शनिवारी सेकंड इयरच्या एका पोरानं मला एका डावात अकरा वेळा मारलं. प्रत्येक वेळी रांगेत उभं राहून परत आलो, आणि परत मेलो. सोमवारी ऑफिसात मनगट दुखत होतं.

असो. या शनिवारी बघतो त्याला.